ओट्याला मागणी, मिस्त्रीची नोंद नाही

महोदय,

मुद्रांक शुल्काची सवलत ३१ मार्च २०२१ला संपते, ती वाढवा, अशी मागणी सध्या सगळीकडून ऐकू येते आहे. सप्टेंबरपासून तीन टक्के आणि जानेवारीपासून दोन टक्के सूट नवे घर घेणाऱ्यांना मिळाली. पण आमच्या सांगलीच्या गावभागात, खणभागात नवे घर घेतंय कोण? इथे कामे निघाली आहेत ती जुन्या घरांतली.

कारणही साधे आहे. कोरोनामुळे वर्षभर सगळे घरात. तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, तुंबणारे सिंक, आणि सहा माणसांत एक संडास. गृहविलगीकरणाला स्वतंत्र खोली आणि संडास हवा म्हटल्यावर अनेकांना आपले घर नव्याने दिसले. कुणी बेडरूमला लागून बाथरूम काढले, कुणी दारातच बेसिन बसवले. (आजीच्या काळी पाय धुतल्याशिवाय घरात कुणी येत नसे, तेव्हा आम्हीच हसायचो.) २०१९ च्या पुरात खालचा मजला बुडालेल्यांची अर्धवट राहिलेली कामेही आत्ताच निघाली. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स लॉकडाऊनमध्ये अडकल्या, पीव्हीसी पाइप महागले, वर १८ टक्के जीएसटी आहेच. तरी लोक थांबलेले नाहीत.

ही कामे करणाऱ्या गवंडी, फरशीवाले, प्लंबर यांचे काय? टाळेबंदीत शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यावर दोन हजार रुपये टाकले. आमच्याकडे काम करणाऱ्या मिस्त्रींना छदामही मिळाला नाही, कारण बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी नाही. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार दिवस विश्रामबागेत, आठवडाभर मिरजेत काम करणाऱ्याने तो कुणाकडे मागायचा? शिवाय १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्तीचे काम मोडत असले, तरी स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांच्या आतले काम त्यातून वगळले आहे. दहा लाखांचा ओटा आणि न्हाणीघर सांगलीत किती जण करतात?

सवलत वाढवायची तर वाढवा. पण त्याचबरोबर महापालिकेने प्रभागनिहाय नोंदणी शिबिरे घ्यावीत आणि घरमालकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या जोडून ९० दिवस भरले तर ते मंडळाने ग्राह्य धरावेत. माझ्याकडे ओट्याचे काम झाले, त्या मिस्त्रींना मी तशी चिठ्ठी तारखांसह दिली आहे. ती कुठे चालेल, हे कुणी अधिकाऱ्याने आपल्याच अंकातून सांगितले तर बरे होईल.

– एक वाचक, गावभाग, सांगली
फेब्रुवारी २०२१