विषय : लहान मुलांच्या खेळण्यासाठी योग्य वय, त्यातले बॅटरीचे सेल आणि आयएसआय खूण वेबसाइटवर न दाखवता विक्री केल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(तुमचं नाव वेबसाइटवर शोधूनही सापडलं नाही, म्हणून नुसत्या पदाला लिहिते आहे. पत्ता मिळाला तो खोक्यातल्या बिलावर.)

महोदय / महोदया,

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते. भाच्याच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी तुमच्याकडून आकारांची लाकडी पेटी मागवली. गोल, चौकोन, त्रिकोण ज्याच्या त्याच्या भोकात टाकायचा, बरोबर पडला की गाणं वाजतं, अशी ती पेटी. पार्सल वेळेत आलं, कुठे तुटफूट नाही, आणून देणारा मुलगाही सभ्य होता. त्यामुळे कुरियरवाल्यांवर ढकलू नका, ही तक्रार सरळ तुमच्या वेबसाइटची आहे.

वयाच्या रकान्यात मी '०-२ वर्षे' निवडलं होतं. त्या यादीत ही पेटी वरच होती. घरी आलेल्या खोक्यावर मात्र एका कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलंय, ३ वर्षांखालील मुलांसाठी नाही. मग मी परत तुमच्या पानावर गेले. हीच सूचना तिथेही आहे, पण शेवटच्या फोटोत, खोक्याच्या मागच्या बाजूच्या चित्रात, आणि तो फोटो मोबाइलवर मोठा होत नाही. 'वैशिष्ट्ये' या मथळ्याखाली बुद्धीला चालना, हात-डोळ्यांचा समन्वय, आनंदाचे क्षण वगैरे सगळं आहे. माप नाही, वय नाही, आत कुठला सेल आहे तेही नाही.

सेलचं जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात गंभीर भाग आहे. गाणं वाजवणारी डबी पेटीच्या तळाशी आहे आणि तिच्यात बटणासारखे चपटे सेल आहेत. झाकणाला स्क्रू नाही. मी नखाने उचकटलं तर ते सुटून फरशीवर पडलं, सेल घरंगळत कपाटाखाली गेला. दोन वर्षांचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोनेक तासांतच आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. भावाला तेव्हाच फोन करून सांगितलं, आत्याची भेट या वर्षी उशिरा येईल. पेटी माझ्याकडेच ठेवली आहे.

खोक्यावर आयएसआयची खूणही मला कुठे दिसली नाही. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. खुणेखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर घातला की खरा-खोटा कळतो. तो क्रमांक तुम्ही विक्रीच्या पानावर टाकलात, तर आम्हाला पैसे देण्याआधीच खात्री करता येईल. तुमच्या चॅटमध्ये मी हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, 'तुम्हाला ऑर्डर ट्रॅक करायची आहे का?' पुन्हा विचारलं, तेच उत्तर.

आता पैशांचं. पेटीची किंमत ७९९ रुपये. शेवटच्या पडद्यावर फोड न दाखवता एकच आकडा आला, ९३७. पैसे गेल्यावर बिल आलं तेव्हा कळलं की त्यात ७९ रुपये पोहोच आकार, ४९ रुपये भेटवस्तूचं वेष्टन आणि १० रुपये कुठल्याशा दानाचे आहेत. वेष्टन आणि दान यांच्या टिक-खुणा 'अधिक सेवा' नावाच्या मिटलेल्या पट्टीत आधीपासून लावलेल्या होत्या. आमच्याकडे शेतकऱ्याला हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, देताना हमाली, तोलाई वेगवेगळ्या ओळीत दाखवावी लागते, नाहीतर तो पेढीवर येऊन जाब विचारतो, आणि योग्यच करतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत आधीच टिक लावून घेतलेली संमती चालत नाही. ग्राहकाच्या टोपलीत न विचारता काही टाकणं आणि खोटी घाई लावणं, या दोन्ही गोष्टी केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवल्या आहेत. घाईचं म्हणायचं तर, 'सवलत ९ मिनिटांत संपते' हे तुमचं लाल घड्याळ पान पुन्हा उघडलं की परत ९ पासून सुरू होतं. ते आजही चालूच आहे.

माल परत करायला गेले तर कारणांच्या यादीत 'मन बदलले', 'रंग आवडला नाही' आणि 'साइज बसली नाही' एवढेच पर्याय. खेळण्यांच्या दुकानात साइज कुणाला बसवायची असते? ही यादी कपड्यांच्या वेबसाइटवरून उचललेली दिसते. 'खेळणं मुलासाठी धोक्याचं आहे' असा पर्याय नाही. 'मन बदलले' निवडलं तर माल नेण्याचे पैसे माझ्याकडून कापणार, असं खाली लिहिलंय. माझं मन बदललेलं नाही, त्यामुळे मी ते निवडणार नाही.

मला पूर्ण ९३७ रुपये परत हवेत, वेष्टन आणि पोहोच धरून, आणि पेटी तुमच्या खर्चाने घेऊन जा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही पेटी '०-२' च्या यादीतून आजच काढा आणि ज्यांनी ती घेतली आहे त्यांना सेलच्या झाकणाबद्दल कळवा. सवलतींचे मेसेज तुम्ही रोज पाठवता, तेव्हा सगळ्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच.

नियमाप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच आली नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. आयएसआय खुणेबद्दल भारतीय मानक ब्युरोकडे वेगळं लिहिते आहे, तुमच्या उत्तरासाठी ते थांबणार नाही.

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, उघड्या झाकणाचा फोटो, '०-२' यादीचा स्क्रीनशॉट.

आपली ग्राहक,
विश्रामबाग, सांगली
(नाव व ऑर्डर क्रमांक बिलावर आहेत)