डाव्या डोळ्याचा नंबर कळव

प्रिय चिऊ,

काल फोन मीच ठेवून दिला. ‘रेंज गेली’ असं नंतर मेसेजमध्ये लिहिलं ते खोटं होतं.

तू किती सहज म्हणालीस, ‘आज लेन्स घालूनच पूलमध्ये उतरले, नाहीतर समोरची भिंतच दिसत नाही.’ आणि मी सुरू झाले. मग तू ते वाक्य बोललीस. ‘आई, तुला डोळ्यांची काळजी नाहीये, तुला पाण्याची भीती आहे. मामाच्या त्या दुपारपासून.’ त्यावर मला काही सुचलं नाही. रात्रभर मात्र सुचत राहिलं, म्हणून हे पत्र.

पण आधी चांगलं सांगते. बाविसाव्या वर्षी पाण्यात पहिलं पाऊल टाकलंस आणि चार महिन्यांत न थांबता वीस फेऱ्या! बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत. काल कुणाला तरी पंचवीस सांगितल्या, मी दुरुस्त केलं नाही. तुझ्या पोहण्यावर माझं काही म्हणणं नाही. पोह. रोज पोह. फक्त लेन्स काढून.

झालं, आलेच मी तिथे.

तुझ्या लेन्सचा पहिला दिवस आठवतो? तासभर आरशासमोर बसून उजवी बसली, डावी उडून बेसिनमध्ये पडली. मी ती बोटाने टिपली, नळाखाली धरली आणि तुझ्या हातात दिली. ‘धुतली की झालं,’ असं म्हणाले. माझ्या कॉलेजच्या वेळच्या लेन्स कडक असायच्या. त्या नळाखाली विसळायला आम्हाला सांगितलेलंच होतं, तेच मी तुला पढवलं. डबीसुद्धा मी नळाखालीच धुऊन द्यायचे. म्हणजे काल ज्या सवयीवरून मी तुझ्यावर ओरडले, ती तुला मीच लावली. फोन ठेवला तो तुझ्या रागाने नाही, या आठवणीने.

आता तर कडक लेन्सनाही पाणी लावू नका म्हणतात. तुझ्या मऊ लेन्स तर स्पंजासारख्या, पाणी शोषून घेतात. पूलचं किंवा नळाचं पाणी लागलं की त्यांचा आकार बदलतो आणि त्या बुबुळाला घट्ट चिकटून बसतात. काढताना वरचा नाजूक थर खरवडला जातो. आणि पाण्यात अकांथामिबा नावाचा एक जीव असतो. नळात, शॉवरमध्ये, तळ्यात, मातीत, सगळीकडे. एरवी तो सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पण लेन्सवर चढून बसला की लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये त्याला आयती जागा मिळते. ‘पूलमध्ये क्लोरीन असतं ना’ असं तू म्हणालीस. असतं, पण हा स्वतःभोवती कवच करून घेतो आणि पूलमध्ये असतं तेवढ्या क्लोरीनला त्या कवचात पुरून उरतो. औषधालासुद्धा तो त्याच कवचामुळे दाद देत नाही. सुरुवातीचे काही दिवस दर तासाला थेंब घालायचे, रात्री उठूनसुद्धा, आणि पुढे महिनोन् महिने उपचार. काहींना शेवटी दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागतं.

बुबुळाचा तो पारदर्शक पडदा जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. वाचल्यापासून मी आरशात स्वतःच्याच डोळ्याकडे बघत बसते. एवढ्याशा काचेवर आपलं सगळं जग उभं!

घाबरवतेय का? त्या जिवाने होणारा डोळ्याचा हा रोग दुर्मीळ आहे, तेही लिहायला हवं. लेन्स वापरणाऱ्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात, निदान पाश्चात्त्य देशांत तरी, लेन्स वापरणारेच जास्त. लंडनच्या संशोधकांचा २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुन्हा पुन्हा वापरायच्या लेन्सवाल्यांना रोज टाकून द्यायच्या लेन्सवाल्यांपेक्षा जवळजवळ चौपट धोका दिसला. लेन्स घालून शॉवर घेणंही धोक्याच्या यादीत होतं. तुझी लेन्स महिनाभराची. तू अंघोळही त्याच घालून करतेस, मला माहीत आहे. गेल्या सुट्टीत तू ओल्या केसांनी बाहेर आलीस ती चष्म्याशिवाय, आणि थेट घड्याळ वाचलंस.

बघ, पुन्हा भाषण. सॉरी. बाबा म्हणतात, हिला मुद्द्यावर थांबता येत नाही.

सात वर्षांची असताना तुला पहिला चष्मा लागला. दुकानातून बाहेर पडल्यावर तू माझ्याकडे टक लावून बघितलंस आणि म्हणालीस, ‘आई, तुझ्या कपाळावर रेघा आहेत!’ मी हसले, घरी येऊन रडले. रेघांसाठी नाही. दोन वर्षं माझ्या मुलीला माझा चेहरा पुसट दिसत होता आणि मला पत्ता नव्हता. आजी तेव्हा म्हणाली होती, ‘डोळ्याचं दुखणं दुसऱ्याला दिसत नाही गं.’ गेल्या वर्षी तुझा डोळा लाल झाला, तीन दिवस तू मैत्रिणीचे थेंब घालत बसलीस आणि मला सांगितलंस चौथ्या दिवशी. तेव्हा पुन्हा तेच वाक्य आठवलं. निभावलं तेव्हा. पण असे थेंब आपल्या मनाने घालू नकोस. त्यात स्टेरॉइड असलं तर आतला जंतुसंसर्ग झाकला जातो आणि वाढतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. दिसतं त्या मानाने दुखणं फार असेल तर तासभरही थांबायचं नाही. लेन्स आणि डबी फेकू नकोस, सोबत ने. त्यावरून तपासता येतं.

आणि हात धुतलेस की पुसून कोरडे कर, मगच लेन्सला लाव. लोक नेमके तिथेच फसतात. बाटलीतलं, गाळलेलं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सचं नाही. डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्ये नवीन ओतायचं नाही. ते रोज फेकायचं, डबी सोल्युशननेच विसळायची, उघडी पालथी ठेवून वाळवायची आणि तीन महिन्यांत बदलायची. लेन्स असताना चुकून डोळ्यात पाणी गेलंच तर लगेच लेन्स काढ.

मामाच्या दुपारचं तू म्हणालीस ते पूर्ण खोटं नाही. मला पाण्याची भीती आहे. त्या भीतीने तुला मी बाविसाव्या वर्षापर्यंत काठावर बसवलं, आणि तू मला न विचारता उतरलीस ते बरंच केलंस. पण त्या भीतीला मी इतकी वर्षं ओळखते. ती छातीत असते. ही वेगळी आहे, ही वाचून कळलेली आहे. तरी कालच्या माझ्या आवाजात दोन्ही मिसळल्या असतील. तुला त्या वेगळ्या कशा ऐकू येणार?

आता मुद्दा. नंबरचे स्विमिंग गॉगल मिळतात. अर्ध्या अर्ध्या नंबरच्या फरकाने येतात, दोन्ही डोळ्यांना वेगळे घालता येतात. चष्म्याइतकं नेमकं दिसत नाही म्हणे, पण समोरची भिंत दिसायला पुरे. मी मागवायला बसले आणि अडले. उजवा साडेसहा, ते पक्कं आहे. डावा सहा की सव्वासहा? पूर्वी झोपेतून उठवलं तरी मी सांगितला असता. तू गेल्यापासून दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा तू एकटीच गेलीस तपासायला.

तेवढा कळव. पट्टा निळा चालेल ना?

आई