सूचना: कच्च्या वाटेच्या सायकल राइडआधी हवा आणि ट्यूब तपासा

सर्व सभासदांसाठी,

या रविवारच्या राइडचा बराचसा भाग खडीचा आणि मातीचा आहे. डांबरी रस्त्यासाठी ठासून भरलेली हवा तशीच ठेवून येऊ नका. टायर ३८ मिमीच्या आसपासचा आणि वजन साधारण ७० किलो असेल, तर मागे ४० व पुढे ३६-३७ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरते. वजनदार मंडळींनी थोडी वाढवावी. फारच कमी ठेवली तर दगडावर रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. एकच बारीक भोक दिसले तर बहुधा काटा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट (जपून!) फिरवा, नाहीतर तोच काटा नवी ट्यूबही फोडतो. टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा, तोही हातानेच. तिथे लिव्हर (टायर काढायची पट्टी) वापरला की ट्यूब चिमटते.

आपल्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच आणि पंप सोबत हवेत. पंप व्हॉल्व्हला बसतो का, हे घरीच पाहा. दर वेळी कुणीतरी चुकीचा आणतोच.

सुट्या खडीवर वेग वळणाआधीच कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते.