कापडी लंगोटांसाठी मोठा खर्च नको

महोदय,

महागड्या कापडी डायपरांचे संच पाहून अनेक तरुण आईवडील कापडाचा विचारच सोडून देतात, याचे वाईट वाटते. रोज धुण्याची तयारी असेल तर नवजात बाळाला २० ते २४ साधे चौकोनी लंगोट पुरतात, आणि ते घरातल्या जुन्या सुती लुगड्यातून किंवा धोतरातून शिवता येतात. अनेकदा धुतलेले असे कापड नव्यापेक्षा मऊ असते व ओलावाही चांगला शोषते. टेरीकॉट मात्र टाळावे. वरून घालायच्या, मापानुसार लहानमोठ्या करता येणाऱ्या तीन-चार जलरोधक चड्ड्या विकत घ्याव्यात; खरा खर्च तेवढाच.

अधिक काळजी धुण्यात घ्यावी लागते. शी आधी शौचालयात टाकून, लंगोट थंड पाण्यात खळबळून मग साबणाने धुवावा आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके पाणी वापरावे, कारण तो राहिल्यास बाळाच्या नाजूक त्वचेला त्रास होऊ शकतो. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये; त्याने कापड कमी शोषते.

ऊन उत्तमच, पण कोकणात आषाढ-श्रावणात कपडे वाळता वाळत नाहीत. तेव्हा जादा लंगोट ठेवावेत आणि रात्रीपुरता तयार डायपर वापरण्यात कोणत्याही आईने अपराधी वाटून घेऊ नये. तो फेकताना नीट गुंडाळावा. त्यासाठी उत्पादकांनी पिशवी द्यावी, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत म्हटले होते, आणि ग्राहकांनी तिची मागणी जरूर करावी.

आपली नम्र,
एक वाचक, रत्नागिरी