चि. मुक्तास

पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आपटलास त्यावर काही लिहिणार नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी तुझी वाजली, तेही समजू शकते. ड्रॉवरमधली अल्प्राझोलामची, त्या झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप मात्र डोक्यातून जात नाही. मला सांगितलं म्हणून नंदूवर रागावू नकोस.

तू डॉक्टर, मी वेगळं काय सांगणार! तरी ऐक. आज पाव मिलिग्रॅमवर झोप लागते, काही आठवड्यांनी तेवढ्याने भागत नाही. रोज घेत असशील तर एकदम बंदही करू नकोस. हात थरथरतात, होती ती झोप उडते, क्वचित फिटही येते. दर दोन-चार आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करायचा, तोही दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. असलं शेड्युल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायचं औषध विकताना केमिस्टला वेगळ्या रजिस्टरला नोंद करावी लागते, ती तीन वर्षं जपावी लागते. तुझ्या ड्रॉवरचं रजिस्टर कोण ठेवतं?

सोलापूरच्या पूर्व भागातली संध्याकाळची ओपीडी मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात दिवेलागणीपर्यंत चिटपाखरू नसतं, मग सगळे एकदम. विड्या वळणाऱ्या बायका मान धरून, यंत्रमागावरचे खोकत, निम्म्यांशी तेलुगूत बोलायचं. दुखण्याआधी घरचं गाऱ्हाणं. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आहेतच. त्यांच्यासाठी दुपारचा एक तास ठरव आणि बोर्डावर लिही. शेवटचा नंबर साडेआठला. कुणी ओरडून गेला की पुढचा पेशंट लगेच आत घेऊ नकोस, पाच मिनिटं दार लोटून बस. त्या तिरमिरीतच डोस चुकीचा लिहिला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं दिली: थकवा, कामाचा तिटकारा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझा थकवा जुनाच. पण हल्ली तू ‘हे लोक’ म्हणतेस. पूर्वी नावानिशी सांगायचीस, कुणाच्या सुनेची शुगर किती ते.

शाळेत कोटणीसांवरचं भाषण घोकत घरभर फिरायचीस. सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये, केवढी ऐट! १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी वारले, हे वाक्य मात्र भरभर म्हणून टाकायचीस.

झालं, व्याख्यानच झालं. माफ कर.

पेशंटना देतेस तो पीएचक्यू-९ चा, नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांचा कागद स्वतः भर. बेरीज दहा किंवा वर गेली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठ. तिथले सगळे ओळखीचे म्हणून संकोच वाटत असेल तर इथले बघू. नववा प्रश्न, जीव नकोसा वाटण्याचा, कोरा सोडू नकोस. तिथे शून्य नसेल तर बेरीज करत बसू नकोस, मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास असते, मराठीत बोलतात.

डॉक्टरकडे जाताना ती स्ट्रिप बरोबर ने, रोज किती घेतेस ते खरं सांग. शनिवारी हुतात्माने येते. स्टेशनवर येऊ नकोस, नंदू येईल. भाकरी टाकून ठेवू नकोस, मी आल्यावर बघते.

तुझी,
आई