ओजूचं ब्लँकेट आणि आईचं कपाट

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

सोबतच्या पिशवीत दादाच्या ओजूचं ब्लँकेट आहे, कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोच्या गोल ढालीसारखं, क्रोशाने विणलेलं. पिशवीतली हवा काढून चपटं केलंय म्हणून एवढंसं दिसतंय, चेन उघडली की फुगेल, आई घाबरू नकोस. काकूंच्या बॅगेत जागा मागताना मला जरा कसंतरीच वाटत होतं, पण त्या म्हणाल्या की अगं सहाशे ग्रॅमचं काय ओझं, लेकाने दिलेले बदामच चार किलो आहेत. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं असतं तर बाबांनी चार ओळी वाचून अंगठा दाखवला असता आणि आई तर माझे ऑडिओ ऐकतच नाही, म्हणून हे कागदावर, सावकाश चहा घेत वाचा.

वाढदिवसापर्यंत ते ओजूला दिसू देऊ नका. दिवाणात ठेवा, दिवाण त्याच्याने उघडत नाही. पण वाढदिवसानंतर मात्र लपवू नका, आणि आई, हे वाक्य खास तुझ्यासाठी आहे. मी तुला चांगली ओळखते. तू ते हातात घेणार, उलट-सुलट करून मागचे धागे नीट खोचलेत का बघणार, मग म्हणणार की एवढं हाताने केलंय पोरीने, पोरं घाण करतील, आणि ते जुन्या नऊवारीत गुंडाळून डांबरगोळ्या घालून गोदरेजच्या कपाटात जाणार, तुझ्या रुखवतातल्या त्या सगळ्या सामानाशेजारी. ते मोरांचं तोरण, ताटावरचे रुमाल, टीव्हीचं कव्हर जे टीव्ही चपटा झाला तरी तू टाकलं नाहीस. किती सुंदर काम आहे ते आई, दोऱ्याचं, बारीक सुईचं, मी आता स्वतः विणायला लागल्यावर मला कळतंय की त्या मोराच्या पिसाऱ्याला किती डोकं लागलं असेल. आणि आम्ही ते कधी बघितलं, तर गौरी जेवायच्या दिवशी, तेही "हात धुतलेस का" या प्रश्नानंतर. तोरण दाराला लागलेलं मला फक्त दादाच्या लग्नात आठवतंय.

मीसुद्धा अशीच होते, खरं सांगायचं तर. इथे मिनेसोटात थंडीत दुसरं करण्यासारखं फार काही नसतं म्हणून मी लायब्ररीत विणकामाला जाते हे तुम्हाला माहितीये, तिथे बहुतेक सगळ्या सत्तरीच्या पुढच्या बायका, एक निवृत्त पोस्टमन आजोबा पण येतात आणि त्यांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा साफ आहे. त्यातल्या एका आजींच्या घरी गेले होते कॉफीला. सोफ्यावर रंगीत चौकोनांचं क्रोशाचं ब्लँकेट, त्यांच्या आईने विणलेलं, आणि त्यावर त्यांचा म्हातारा कुत्रा पसरलेला. माझा जीवच वर-खाली. मी म्हटलं अहो आईंच्या हातचं ना हे, तर त्या म्हणाल्या हो, म्हणून तर तो यावर झोपतो, दुसऱ्या कशावर झोपत नाही. तीन ठिकाणी दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने सांधलेलं होतं ते. घरी येताना मी ठरवलं की ओजूचं ब्लँकेट असं करायचं की ते वापरायला कुणाची भीती वाटायला नको, आणि पुढचं सगळं त्या हिशोबानेच केलंय, लोकर निवडण्यापासून.

तर लोकर ॲक्रिलिक आहे. आई, तू नाक मुरडशील, तुला खरी लोकर हवी असते, पण खरी लोकर गरम पाण्यात आटते, लहान पोरांना टोचते आणि तिला कसर लागते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, म्हणजे डांबरगोळ्यांचं कारणच संपलं बघ! मशीनमध्ये चालते. थंड पाणी, साधा साबण, जाळीच्या पिशवीत घालून. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ओलं ब्लँकेट दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने खाली ओढलं जातं आणि गोलाचं अंडं होतं, त्यापेक्षा गच्चीवर चटईवर पसरा. आणि इस्त्री अजिबात नको, शेकोटीजवळ तर मुळीच नको, हा धागा वितळतो. नाशिकच्या थंडीत तुमच्या सोसायटीची पोरं रात्री शेकोटी करतात आणि ओजू पांघरूण घेऊन तिथे जाऊन बसतो असं वहिनी म्हणाली होती, तेव्हा तिथे त्याला जुनी चादरच द्या. हा एकच नियम, बाकी लोळू दे, ओढू दे, तंबू करू दे.

आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं ना की हे सपाट कसं राहतं, टेबलावर पसरून दाखव म्हणून. आईने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गोल करायचं असेल तर खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांच्या, कामात दर फेरीला बारा वाढव. का बारा, तर तिला तिच्या मावशीने सांगितलं म्हणून. मी मोजून बघितलं. माझ्या पाच एमएमच्या सुईने तीन फेऱ्यांना चार सेंमी उंची येते, म्हणजे एका फेरीला त्रिज्या १.३३ सेंमीने वाढते. त्रिज्या तेवढी वाढली की परीघ वाढणार २ गुणिले पाय (π) गुणिले १.३३, म्हणजे ८.४ सेंमी. आणि एक खांब रुंदीला साधारण ७ एमएम. ८४ भागिले ७, बारा! आणि त्यात परत गंमत अशी की गोल बशीएवढा असो नाहीतर खोलीएवढा, प्रत्येक फेरीला परीघ तेवढाच वाढतो, म्हणून पहिल्या फेरीला बारा तसे शेवटच्यालाही बाराच. आईच्या मावशीला पाय माहीत नव्हता पण उत्तर बरोबर होतं. मुक्या खांबाला मात्र सहाच वाढवायचे, कारण तो बुटका.

बारापेक्षा कमी वाढवले की काम वाटीसारखं वर उचलतं, लहान मुलांच्या टोप्या अशाच होतात. जास्त वाढवले की कडेला झालर येते. आणि ही झालर म्हणजे नुसती शोभा नाही हं, डायना टायमिना म्हणून मूळच्या लॅटव्हियाच्या एक गणितज्ञ आहेत, कॉर्नेल विद्यापीठात होत्या, त्यांनी १९९७ साली मुद्दाम अशी झालर-झालर विणून हायपरबोलिक भूमिती, म्हणजे अशा झालरीसारख्या वळत जाणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, मुलांना हातात धरून दाखवली. तोवर कागद चिकटवून मॉडेल करायचे आणि ती फाटायची. आईचे झालरीचे रुमाल बाबा तुम्ही "उगाच दोरा घालवतेस" म्हणायचात ना, ते मागे घ्या आता.

एक गोष्ट मात्र तुमच्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या नजरेला लगेच दिसेल म्हणून आधीच सांगते. वाढ दर फेरीला एकाच जागी केली तर त्या जागांवर कोपरे येतात आणि गोलाऐवजी बारा बाजूंचा आकार होतो. म्हणून मी दर फेरीला वाढीची जागा थोडी सरकवलीये. तरी तुम्ही पट्टी लावणारच, लावा, पण लेथवरचा टॉलरन्स लोकरीला लावू नका एवढीच विनंती. व्यास १२० सेंमीच्या आसपास आहे, इकडून तिकडून एखाद-दीड सेंमी फरक निघेल, तो धुतल्यावर बदलेल पण.

एकूण ४५ फेऱ्या. शेवटच्या फेरीत ५४० खांब. सगळे मिळून किती हे काढायला मला विणायच्या आधीच तुमचं एक ते एनच्या बेरजेचं एन गुणिले एन अधिक एक भागिले दोन आठवलं, त्याला बाराने गुणलं की १२,४२० होतात, मधली चांदणी सोडून. आणि त्यातनं एक भयंकर गोष्ट कळली, की ३२ फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे निम्मं काम झालं होतं. उरलेल्या तेरा फेऱ्यांमध्ये दुसरं निम्मं! बघणाऱ्याला वाटतं आता काय, संपतच आलं की. माझ्या नवऱ्याने हे वाक्य तेव्हा रोज म्हटलंय. लाल लोकर पण म्हणूनच निम्म्याहून जास्त लागली, कारण सगळ्यात बाहेरचा पट्टा लाल, आणि एकटा तोच एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा. लोकर घेताना लेबलवरचा डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर एकच आहे ना ते बघून सगळी लाल एकदम घेतली, नाहीतर मध्येच छटा बदलते आणि ते उन्हात फार दिसतं.

रंगांचा क्रम आतून बाहेर निळा, लाल, पांढरा, लाल, आणि निळ्यात पांढरी चांदणी. निळा अठरा फेऱ्या आणि मग प्रत्येक पट्टा नऊ. चांदणी वेगळी विणून वर शिवलीये. तिला पाच टोकं आणि माझे गोल बाराच्या पाढ्यात, म्हणजे जुळणार कसं असा प्रश्न होता, पण पाचव्या फेरीला बरोबर ६० खांब होतात आणि साठाला पाचने भाग जातो, म्हणून त्या फेरीत दर बारा खांबांवर सेफ्टी पिन लावली की ७२ अंशांचा कोन आपोआप मिळाला, कोनमापक लागलंच नाही. दुहेरी धाग्याने शिवलीये, ओजूने उपटायचा प्रयत्न केला तरी यायची नाही.

आणि समजा काही तुटलंच, तर दोन सुयांच्या स्वेटरचा एक टाका सुटला की कशी खालपर्यंत शिडी पडत जाते, तसं क्रोशाला होत नाही. इथे प्रत्येक खांब पुरा करूनच पुढे जायचं असतं, सुईवर एकच फास उरतो. भोक पडेल तेवढंच पडेल. तिन्ही रंगांचे छोटे गुंडे पिशवीच्या कप्प्यात टाकलेत. आई, तुझ्या हाताला आता फार वेळ विणणं जमत नाही, बोटं आखडतात हे मला माहितीये, पण चार खांबांची दुरुस्ती तर तू बोलता बोलता करशील. आणि नको वाटलं तर तसंच ठेव, मी आल्यावर करते. भोक पडलंय म्हणून कपाटात हेही चालणार नाही, हे कारण मी आत्ताच बाद करतेय.

ओजू प्रश्न विचारून हैराण करेल म्हणून बाबांना थोडी तयारी देते. कॅप्टन अमेरिका जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी काढला, पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय आणि मुखपृष्ठावर तो चक्क हिटलरला ठोसा मारतोय, अमेरिका युद्धात उतरायच्या आधीच. पण त्या अंकात ढाल गोल नाहीच, वरून सरळ आणि खाली निमुळती. दुसऱ्या एका कंपनीच्या हिरोच्या छातीवर तसाच आकार होता, त्यांनी तक्रार केली, म्हणून दुसऱ्या अंकापासून गोल झाली. त्या तक्रारीचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्रिकोणी ब्लँकेट घेऊन झोपायचं कसं! धातू कुठला विचारलंत ना मागे, तो व्हायब्रेनियम, खोटा आहे, धातूंच्या कुठल्या तक्त्यात शोधू नका.

आई म्हणाली होती की अमेरिकेच्या माणसाची कशाला, आपल्या महाराजांच्या काळची ढाल कर की. मला हसू आलं होतं तेव्हा पण नंतर विचार केला तर आपली ढाल मुळातच गोल, आणि तिच्यावर ती चार पितळी फुलं असतात ना, ती नुसती नक्षी नाही, मागे हात घालायच्या मुठी त्याच ठिकाणी ठोकलेल्या असतात. क्रोशात अशी फुगीर फुलं फार छान येतात, एकाच घरात पाच खांब घालून वर आवळायचे. ओजूची धाकटी बहीण अजून सुपरहिरोंच्या नादाला लागलेली नाही, तिच्यासाठी हेच करावं असं डोक्यात आहे, काळ्या-तपकिरी लोकरीत.

वहिनीला सांगा की खांबांच्या मधे फटी असतात त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात नुसतं हे पुरणार नाही, खाली पातळ दुलई हवी. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या आल्या की मला इथे उणे वीसमध्ये बसून तुमची काळजी वाटते, कारण इथे घर तरी गरम असतं. बाबा, सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाताना कानटोपी घालत जा. तीही मीच विणलेली आहे आणि ती कुठे आहे हे मला माहितीये.

आई, तू म्हणशील वाढत्या अंगाचं करायचं होतंस, पोरगं ताडासारखं वाढतंय. लाल लोकर राहिलीये माझ्याकडे. पुढच्या वेळी आले की अजून चार-पाच फेऱ्या सहज वाढवता येतील, गोलाचं हे बरं असतं. ओजू मात्र म्हणेल की शील्डचा पट्टा एवढा जाड नसतो, तेव्हा ते त्याच्याशी आधी बोलून घ्या.

मिळालं की फोटो पाठवा. घडी घातलेल्याचा नको.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, ढालीच्या चार फुलांचं मोजमाप हवंय. ४५ फेऱ्यांचंच धरा, फुलं मधोमध चौकोनात, केंद्रापासून किती अंतरावर शोभतील ते एका कागदावर कंपासने काढून फोटो टाका. फेऱ्यांमध्ये मी बसवते.