छाती बंद करण्याआधीची वीस मिनिटं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं सांभाळणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा मी परफ्युजनिस्ट. त्या मशीनला आम्ही नुसतं ‘पंप’ म्हणतो. अंगणवाडीत आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना एखाद्या पोराच्या छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज, ऐकू येते, पुढे जनआरोग्य योजनेतून मंजुरी मिळते आणि ते पोर आमच्या टेबलावर येतं. ही साखळी उभी राहिली, याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. माझं गाऱ्हाणं ऑपरेशनच्या शेवटच्या तासाचं आहे.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम २५० मिलिलिटर. पंपाच्या नळ्या भरायलाच जवळपास तेवढं लागतं. पंप सुरू झाला की बाळाचं रक्त पातळ होतं आणि गुठळी धरणारे घटक, फायब्रिनोजेन, प्लेटलेट, सगळंच विरळ होतं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेलं असतंच. त्यावर पहारा एसीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या चाचणीचा. आकडा ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय आम्ही पंप सुरू करत नाही आणि पुढेही ठरावीक वेळाने तो बघत राहतो. काम झालं की प्रोटामाइन देऊन हेपारिन उतरवायचं. एसीटी खाली येतो, सगळे हुश्श करतात, आणि तरी छातीतून रक्त झिरपतच राहतं. एसीटीला हेपारिन कळतं. फायब्रिनोजेन कमी पडलंय की प्लेटलेट, हे त्याला सांगता येत नाही.

मग सर्जन गॉज दाबून उभे. प्रयोगशाळेचा पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्यांचा, रिपोर्ट यायला पाऊण तास. तोवर प्लाझ्मा द्या, प्लेटलेट द्या, रक्तपेढीत क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला घटक) आहे का विचारा. सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. इवल्याशा हृदयाला प्लाझ्माच्या जादा पाण्याचाही भार होतो. बाहेर मुलाचा बाप रक्तदात्यांसाठी फोनवर फोन लावत असतो.

यावर टीईजी किंवा रोटेम नावाची तपासणी आहे. ती काही नवं खूळ नाही. हेल्मुट हार्टर्ट यांनी जर्मनीत १९४८ मध्येच तिचं मूळ तंत्र मांडलं. गुठळी कधी धरते, किती घट्ट होते, टिकते की विरघळते, याचा आलेख समोर उमटतो. हेपारिन निकामी करणारं हेपारिनेज घातलेल्या कपात ती पंप चालू असतानाच लावता येते. दहा-वीस मिनिटांत कळतं, फायब्रिनोजेन हवं की प्लेटलेट. आलेख चांगला असूनही रक्त वाहत असेल, तर कुठेतरी टाका सैल आहे, तो शोधा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे या तपासणीचं यंत्र होतं, पण त्यात घालायच्या कार्ट्रिज संपल्या होत्या. आठ महिन्यांच्या एका मुलीची छाती रात्री दोन वाजता पुन्हा उघडावी लागली. आत एकही टाका सुटलेला नव्हता.

कार्ट्रिज महाग असतात आणि योजनेतून ऑपरेशनसाठी मिळणारं पॅकेज एकरकमी. काटकसर करायची झाली की कात्री आधी कुठे लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून विनंती अशी, की मुलांच्या ओपन हार्ट शस्त्रक्रियेत ही तपासणी सक्तीची करावी आणि तिचा खर्च पॅकेजबाहेर, स्वतंत्र मंजूर व्हावा. यंत्र घेऊन देणं पुरेसं नाही. उद्घाटन यंत्राचं होतं, कार्ट्रिजचं होत नाही.

आणखी एक, अगदी फुकटातलं. ओठ-नखं निळी पडलेल्या मुलांचं रक्त घट्ट असतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, कधीकधी साठच्या वर. तपासणीच्या नेहमीच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट त्यांच्या जेमतेम प्लाझ्माला जास्त होतं आणि ‘रक्त गोठत नाही’ असा खोटाच रिपोर्ट येतो. त्या रिपोर्टवर ऑपरेशन पुढे ढकललं जातं, नाहीतर विनाकारण प्लाझ्मा चढतो. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तर ट्यूबमधलं सायट्रेट हिशोबाने कमी करायचं, एवढंच. याला एक परिपत्रक पुरेल. ते निघालं, तर आमच्या लॅबच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवीन.

आपला नम्र,
एक परफ्युजनिस्ट